वायर एक, हात वर करणारे छप्पन्न

काल संध्याकाळी आईची मालिका सुरू व्हायला दोन मिनिटं होती आणि टीव्हीवर निळी पाटी आली. "हे चॅनेल आपल्या पॅकमध्ये नाही." परवापर्यंत होतं की! पैसे भरलेत, तेही वर्षाचे एकरकमी. "मामा, एकाच वायरीत टीव्ही, नेट, फोन, सगळं. डोक्याला ताप नाही," असं सांगून कंपनीच्या पोरानं काढून नेले होते. कंपनीचं नाव घेत नाही, तोंड विटाळायला नको.

फोन लावला. कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मराठी नाहीच, कारण आम्ही बेळगावचे, आमचं सर्कल कर्नाटक. हद्दीपलीकडं, महाराष्ट्रातल्या शिनोळीत भाच्याच्या फोनवर त्याच कंपनीची बाई कशी मधाळ मराठी बोलते ते मी स्वतः ऐकलंय. मला कन्नड येतं हो, बाजारात, ऑफिसात दिवसभर तेच बोलतो. पण भांडायला आईचीच भाषा लागते. कन्नडमध्ये माझा राग फार सभ्य निघतो.

टीव्हीवाली म्हणाली, पॅक चालू दिसतोय, बॉक्स नेटवर चालतो, नेटवाल्यांना विचारा. नेटवाला म्हणाला, राउटरवर हिरवा दिवा आहे ना, मग झालं, चॅनेल आमच्याकडं येत नाही. मध्ये ती पिपाणी वाजत राहते आणि "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हेही हिंदीत. परत टीव्हीवाली, ह्या वेळी दुसरी. तिनं शोधून काढलं. रिन्यूअलच्या वेळी सिस्टीमनं आपोआप कर्नाटकचा रीजनल पॅक लावला, त्यात मराठी चॅनेल बसत नाहीत. कोणी सांगितलं होतं लावायला? "सर, आपका पिनकोड ५९० से शुरू होता है." घ्या! पिनकोड बघून आमची मातृभाषा ठरवली. मराठी परत पाहिजे तर वर वेगळे पैसे.

मग गल्लीतल्या केबलच्या पोराला बोलावलं. तो आला, चप्पल न काढता आला, भिंतीवरची पांढरी डबी उघडली, पिवळी बारीक वायर काढून मीटरला खुपसली आणि म्हणाला, "मायनस वीस येतंय मामा, एकदम क्लीन. आमच्या हातात वायर तेवढी हाय बघा." वायर क्लीन! टीव्हीवर निळी पाटी, पण वायर क्लीन!

आणि खरी चीड पुढं आहे. तीच मालिका त्याच चॅनेलच्या ॲपवर दिसते. आमच्या प्लॅनमध्ये फुकटसुद्धा आहे. फक्त मोबाईलवर. टीव्हीवर पाहिजे तर प्लॅन वाढवा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि ती सहा इंचाच्या काचेत सासूचे डोळे वटारलेले बघणार? "अरे, कोण मेलं तेच दिसत नाही," म्हणाली आणि फोन माझ्या मांडीवर टाकून गेली.

एकच मालिका, एकच वायर. पण बॉक्सातून आली तर १९९५ चा केबल कायदा आणि ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, दरांचं फर्मान. ॲपमधून आली तर २०२१ चे आयटी नियम, आणि दर कंपनीच्या मर्जीचा. इंटरनेटचा परवाना दूरसंचार खात्याचा, चॅनेलची परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालयाची. ट्राय नियम करते, पण एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही. ती आधी कंपनीकडं, समाधान झालं नाही तर अपील, तेही कंपनीतच! चोरीचा पंचनामा चोरानंच लिहायचा, वर सही आपली.

दिल्लीला हे कळत नाही असं नाही. २००१ सालीच कन्व्हर्जन्स विधेयक लोकसभेत आलं होतं. टेलिफोन, टीव्ही, इंटरनेट, सगळ्याला मिळून एकच आयोग. तेव्हा आमच्या शहापुरात नेट म्हणजे सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं. लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक बुडालं. त्याच्या थोडं आधी, २००४ च्या जानेवारीत, केबल आणि प्रसारण ट्रायच्या गळ्यात घातलं, तेही अर्धंमुर्धं, मंत्रालय होतं तिथंच. २०२३ च्या जानेवारीत ट्रायनं परत कागद काढला आणि विचारलं, टीव्ही आणि टेलिकॉम एकत्र येताहेत, तर कायदा आणि कारभार एक करायचा का? बावीस वर्षांनी तोच प्रश्न! त्याच वर्षाच्या अखेरीस १८८५ चा तारेचा कायदा मोडीत काढायला नवा दूरसंचार कायदा आला. तारसेवा बंद होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. पण आमच्यासारख्याला एक खिडकी, एक नंबर? नाव नको.

आणि मी तरी काय मागतोय? आयोग! बेळगावच्या माणसानं आयोग मागावा! १९६६ साली आम्हाला एक मिळाला होता, महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा, महाजनांचा. त्याच्या अहवालावरून आमच्याकडं अजून लग्नाच्या पंगतीत आवाज चढतात. २००४ मध्येच महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो अजून चाललाय. तरी मी रात्री अकराला पायजम्यात बसून वायरीसाठी स्वतंत्र आयोग पाहिजे म्हणून बायकोला भाषण देतोय. ती म्हणाली, "आधी गॅस बंद केलाय का बघा."

बरं, निघालंच आहे तर ट्रायच्या २०१९ च्या चॅनेल-नियमाचं पण काढतो. "आवडेल तेच चॅनेल बघा, तेवढेच पैसे द्या." आम्ही भोळे, कागदावर खुणा करत बसलो. १३० रुपये आणि जीएसटी, मिळून १५३ रुपये ४० पैसे, नुसते जोडणीचे. आवडीचे चॅनेल त्याच्या वर, आणि एकेक घेतलं तर गठ्ठ्यापेक्षा महाग. म्हणजे मालिकेसाठी दोन कार्टूनची आणि एक कुस्तीची चॅनेल पोसा. २०२४ च्या जुलैत जोडणीच्या पैशांवरची ती १३० ची मर्यादापण काढून टाकली. जुने सेट टॉप बॉक्स माळ्यावर आहेत, भंगारवाला घेत नाही. मोबाईलचा महिना २८ दिवसांचा कोणत्या पंचांगात असतो? आणि "प्रिय ग्राहक" म्हणणं बंद करा आधी. कोण प्रिय?

दूरदर्शनची चॅनेल दाखवणं केबलवाल्याला कायद्यानं सक्तीचं आहे, म्हणून सह्याद्री तेवढं टिकलंय. पण आईला मालिका पाहिजे, आणि ती तिथं नाही.

आज सकाळी भरले मराठी पॅकचे पैसे. वर अठरा टक्के. लगेच मेसेज आला. सगळा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. ही सवलत तीन महिने, पुढं मूळ दर लागू. मूळ दर किती, ते कुठंच लिहिलेलं नाही.