‘सोलरच्या कोर्सवर पैसा वाया’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सोलर आणि पवनचक्कीच्या कोर्सवर सरकार पैसा उधळतंय, पॅनेल एकदा बसवलं की २५ वर्षं बघावं लागत नाही, जे काही काम निघेल ते गावचा वायरमन करतो, आणि पवनचक्क्यांनी आपल्या पोरांना वॉचमन करण्यापलीकडे काही दिलं नाही. आयटीआयचा फॉर्म भरायच्या विचारात असलेल्या पोरांच्या घरी हे पोचतंय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

२५ वर्षांची हमी पॅनेलची असते. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर त्याच्या कितीतरी आधी बदलावा लागतो. शेतातल्या पंपाचा कंट्रोलर बिघडतो, विहीर आटली की मोटर कोरडी चालते, जतकडे पॅनेलवर धुळीचा थर बसतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत ५ वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची आहे. पण ती निभावणारा जाणकार माणूस तालुक्यातच नसेल, तर कागदावरच्या हमीनं द्राक्षबाग भिजत नाही.

वायरमनचा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. गावचा वायरमन कामाला वाघ असतो, पण त्याचा हात बसलेला असतो एसीवर, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या विजेवर. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. पॅनेलचा करंट डीसी. तो शून्यावर येतच नाही, ठिणगी एकदा धरली की जळत राहते. शिवाय मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडच्या वायरीत व्होल्टेज असतंच. तासगाव भागात एका शेडवर मी पाहिलंय: पॅनेलच्या वायरी जोडणारा एमसी-फोर कनेक्टर, तो दाबायच्या खास क्रिंपिंग टूलऐवजी साध्या पकडीनं दाबलेला. आत तार सैल, सांधा तापून प्लास्टिक वितळलेलं, आणि खालच्या डब्यात डीसीच्या लाइनला एसीचा एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच. बसवणाऱ्याच्या हातात कसब होतं, त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. आयटीआयचा सोलर टेक्निशियन ट्रेड दहावीनंतर एका वर्षाचा आहे. केंद्राचा २०१५ चा सूर्यमित्र कोर्स ६०० तासांचा. तो आपल्या वायरमनलाच करता यावा, त्याची भाकरी कुणी काढून घेत नाही.

पवनचक्क्यांबद्दलचा राग मात्र मला पटतो. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर, इकडे ढालगावला पंखे फिरू लागले तेव्हा ते दुरुस्त करायचं शिक्षण इथल्या पोरांना कुणी दिलं नव्हतं. मग वाट्याला राखणदारी आली यात नवल काय? हे तर शिक्षणावर पैसा खर्च न केल्याचं फळ आहे. आता जुन्या पवनचक्क्या काढून मोठ्या बसवण्याचं केंद्राचं धोरण २०२३ मध्ये आलंय. उंचावर चढून काम करणारे, गिअरबॉक्स जाणणारे हात लागतील. ते पाटणचे असतील की बाहेरचे, हे आत्ताच ठरणार.

‘कंपन्यांनी शिकवावं, सरकारनं का?’ असंही त्या मजकुरात आहे. छपरावर पॅनेल बसवणारा आपल्याकडचा ठेकेदार बहुतेकदा चार-पाच माणसांचा धनी. तो कार्यशाळा कुठून उभी करणार? घराच्या छपरावर सोलर बसवायची केंद्राची पीएम सूर्यघर योजना ७५,०२१ कोटींची, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. राज्यातलं पहिलं सौरग्राम, म्हणजे सौरविजेवर चालणारं गाव, मान्याचीवाडी, पाटण तालुक्यातच आहे. सामानाला एवढा सरकारी पैसा चालतो आणि ते सांभाळणाऱ्याला शिकवायला नको, हा हिशोब मला कळत नाही.

कोर्स केलेल्या प्रत्येकाला नोकरी लागली नाही, हे खरं आहे. त्यासाठी कोर्स बंद करायचे नसतात. पुरवठादाराला तालुक्यातले प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमायची अट घाला. आणि पालकांनी फॉर्म भरण्याआधी कार्यशाळेत एवढं बघावं: पॅनेल, इन्व्हर्टर, क्रिंपिंग टूल पोरांच्या हातात पडतंय, की कपाटात कुलूपबंद आहे. कुलूपबंद असेल तर प्राचार्यांना लेखी विचारा.