एकाक्ष अस्वलाचा भाव

मुलं दाढी करायला लागली, तरी त्यांची अख्खी प्राणिसृष्टी पलंगाखालच्या खोक्यात दाटीवाटीनं नांदते आहे, आणि ती एकदाची मार्गी लावायचीच असं तुम्ही ठरवलं आहे. अभिनंदन! सगळे टेडी, ससे, हत्ती आणि ते एक काय आहे यावरून घरात दोन तट पडलेलं करड्या रंगाचं प्रकरण, असं सगळं जमिनीवर ओता आणि मधोमध फतकल मारून बसा. उभ्या उभ्या हे काम करू नका. उभा माणूस पटापट निकाल लावतो. बसलेला माणूस एकेक हातात घेतो, ‘अगं, हा बघ कोण!’ म्हणतो आणि जेवणाची वेळ टळून जाते.

विकायचे, द्यायचे आणि टाकायचे असे तीन ढीग करायला सगळेच सांगतात. तुम्ही चौथाही करा: ‘नंतर बघू’. तासाभरात बाकीचे तिन्ही त्यात विलीन झालेले दिसतील.

तरीही विकायचंच असेल, तर आधी मनाशी एक गोष्ट पक्की करा: जुनं म्हणजे मौल्यवान. पुरावा हवा? १९९४ साली लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावघरात ‘टेडी गर्ल’ नावाचं अस्वल १ लाख १० हजार पौंडांना गेलं. एवढं वाचून थांबा. पुढं वाचलंत, तर ते जर्मनीच्या श्टाइफ कंपनीचं १९०४ च्या सुमाराचं होतं, एका ब्रिटिश कर्नलनं ते जन्मभर जपलं होतं आणि हा गृहस्थ स्वतःच अस्वलांचा नावाजलेला संग्राहक होता, असली निरुत्साही माहिती मिळत जाते. तुमचं अस्वल वाढदिवसाला आलेल्या सात सारख्या अस्वलांपैकी एक आहे, या किरकोळ तपशिलानं खचून जाऊ नका.

श्टाइफची खूण म्हणजे कानातलं धातूचं बटण. १९०४ पासून ते तिथं आहे. तुमच्याकडच्या अस्वलाचा कान चाचपून बघा. बटण नाही, पण बारीक भोक आहे? म्हणजे बटण पडलं असणार! ते भोक कसरीनं पाडलं असण्याची शक्यता मनातही आणू नका. खरी जुनी अस्वलं मोहेर लोकरीची असत, पोटात लाकडाचा बारीक तासलेला भुसा असे आणि दाबलं की आतून करकर जाणवे. तुमचं दाबल्यावर काहीच होत नाही, फक्त पॉलिस्टरचे गोळे एका पायातून दुसऱ्या पायात सरकतात. जाहिरातीत लिहा: ‘अत्यंत मऊ’.

आता लेबल. संग्राहक म्हणे लेबलावर जीव टाकतात आणि तुम्ही पहिल्याच दिवशी ते कात्रीनं कापून टाकलंत, बाळाला टोचेल म्हणून. काय हा उतावीळपणा! बीनी बेबीवाल्यांकडून शिकायला हवं होतं. अमेरिकेतल्या टाय कंपनीनं १९९३ मध्ये ही छोटी, पोटात प्लॅस्टिकचे दाणे भरलेली जनावरं बाजारात आणली आणि दोन-तीन वर्षांत शहाणीसुरती माणसं त्यांच्या लेबलांना प्लॅस्टिकची कवचं चढवू लागली. कवच लेबलाला, खेळण्याला नव्हे. खेळायला तर ती कोणी घेतच नव्हतं. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात एका घटस्फोटित जोडप्यानं जमिनीवर बसून आपल्या बीनी बेबींची वाटणी केली, एक तुला, एक मला. न्यायाधीशांच्या देखत! ज्या ठेवीपायी त्यांनी कोर्टाची फरशी पुसली, तसल्या बहुतेक बीनी आज मूळ किमतीच्या आसपासच लोळत आहेत. पण ते त्यांचं नशीब. तुमच्या हिप्पोची गोष्ट वेगळी आहे.

त्याची किंमत ठरवायला जुन्या वस्तूंच्या साइटवर तसाच हिप्पो शोधा आणि सर्वांत जास्त मागितलेला आकडा उतरवून घ्या. तो हिप्पो तिथं कधीपासून लटकला आहे ते पाहू नका. ‘फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवा’ अशी एक खिडकी बऱ्याच ठिकाणी असते. तिच्यावर चुकूनही बोट पडू देऊ नका. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जे अंतर असतं ते पाहून भल्याभल्यांचा धीर सुटतो. वर त्या आकड्यात स्वतःच्या भावना मिळवा: पहिला ताप, पहिला प्रवास, आणि तो नसला की घरात उठणारा आकांत. गिऱ्हाइकाला हे काही माहीत नसतं, म्हणून वर्णनात सविस्तर लिहा. गिऱ्हाईक विचारेल, ‘धुता येतो का?’ अशा कोरड्या माणसाशी व्यवहारच करू नका.

फोटो काढतानाही थोडं कसब लागतं. सशाचा डावा कान चोखून चोखून विझल्या वातीसारखा काळा, ताठ आणि टोकाला पिळवटलेला आहे. तो मागे दुमडा. उजवा डोळा एका दोऱ्यावर गालापर्यंत उतरला आहे. त्या बाजूला सावली पडू द्या. पोटाची शिवण उसवली तेव्हा फेव्हिक्विकनं चिकटवली होती आणि तिथं आता नखाएवढा कडक, पिवळा पापुद्रा आहे. त्यावर रिबिनीचा बो बांधा. मग निर्धास्तपणे लिहा: ‘क्वचित वापरलेला’. वासाचा प्रश्नच येत नाही. आपल्या घराचा वास आपल्याला कधीच येत नसतो.

स्वच्छतेचं फार अवडंबर माजवणारे लोक असतात. धूलिकीटक मारायला ६० अंशांचं पाणी लागतं. ते कापडाला सोसणार नसेल तर खेळणं पिशवीत घालून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवावं आणि मग पुन्हा धुवावंच, कारण थंडीनं किडे मरतात, पण शिंका आणणारी त्यांची घाण आतच राहते, असं ते सांगतात. खरं आहे. पण तुम्ही पाठीवर दोन थापा मारा, उडेल ती धूळ उडू द्या.

एवढं करूनही महिनाभरात एकानंही विचारलं नाही? मग आपसूकच दुसरा ढीग तयार झाला. जे विकत कोणी घेत नाही ते दान करायचं, हा नियम सरळ आहे. इथं वस्तूची परीक्षा घ्यायची नसते, घेणाऱ्याची घ्यायची असते. तुमच्या नातवाच्या हातात ते अस्वल द्याल का, असं कोणी विचारलं, तर शांतपणे सांगा, ‘छे, त्याला धुळीची ॲलर्जी आहे.’ गरजू मुलांना ॲलर्जी नसते. त्यांना डोळाही एक पुरतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात असा सुटा डोळा अडकू शकतो म्हणून तो आधी ओढून बघावा, घट्ट नसेल तर काढून तिथं दोऱ्यानं डोळा विणावा, हे सगळं विकत घेणाऱ्यांसाठी असतं. फुकट घेणाऱ्याच्या हातात ते नुसतं ठेवा, त्याला हसायला सांगा आणि फोटोत अस्वलाची चांगली बाजू कॅमेऱ्याकडे येईल एवढं बघा.

दुर्दैवानं हल्ली संस्थाही शेफारल्या आहेत. वापरलेली सॉफ्ट टॉइज अनेक ठिकाणी घेतच नाहीत. प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी ती पुसून निर्जंतुक करता येत नाहीत, असं कारण पुढं करतात. रुग्णालयातला मुलांचा वॉर्ड तर न उघडलेलं, कोरं खेळणं मागतो. प्राण्यांचे काही निवारे घेतात, कुत्र्यांना उशाशी काहीतरी मऊ लागतं. पण डोळे, बटणं, पोटातले दाणे आणि आतली शिट्टी काढून द्या म्हणतात, कुत्री गिळतात म्हणे. म्हणजे कात्री घ्या, शिवण उसवा, दाणे वेचा, पुन्हा शिवा. दान करायचं की नोकरी?

तेव्हा सर्वांत सोपा उपाय सांगतो. सगळी मंडळी पुन्हा खोक्यात कोंबा, वर चिकटपट्टी मारा आणि संस्थेचं फाटक बंद झाल्यावर, शक्यतो पाऊस नसेल अशा रात्री, बाहेर ठेवून सटका. सकाळी उघडणारा माणूस काय ते बघेल. टाकून देण्याचा वाईटपणा त्याच्याकडे गेला आणि पुण्य तुमच्याकडे राहिलं. निघण्यापूर्वी खोक्याच्या बाजूवरचं कुरियरचं लेबल मात्र आठवणीनं फाडा. त्यावर तुमचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर असतो, आणि गुप्तदान हे गुप्तच असलेलं बरं.