टाम्पेरेच्या भाऊंना उत्तर: सौना, कूलर आणि माझा चुकलेला हिशेब

भाऊ, रामराम. तुमची प्रतिक्रिया सकाळी चहाबरोबर वाचली तेव्हा राग आला. दुपारी पुन्हा वाचली तेव्हा निम्मा उतरला, कारण निम्मं तुमचं खरं आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाड्याने द्यायच्या बंगल्यात सौना, म्हणजे हीटरवर दगड तापवून घाम काढत बसायची लाकडी खोली, बसवणं म्हणजे खान्देशात पैसे जाळणं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. भाऊ मूळचे अमळनेरचे, सध्या फिनलंडमध्ये टाम्पेरेला. ते म्हणतात: मी खऱ्या सौनात कधी बसलोच नाही, विजेचा खर्च तिपटीने फुगवला, जळगावची थंडी विसरलो, आणि वेगळी सोय दिली की गिऱ्हाईक वाढतं हे धरलंच नाही. वर शेरा, "हा किराणा दुकानाचा हिशेब झाला." भाऊ, आमचं किराणा दुकानच होतं. त्यामुळे हे मी कौतुक समजतो.

आधी चूक कबूल करतो. 6 किलोवॅटचा हीटर चार तास सलग चालतो असं धरून मी 24 युनिट लिहिले होते. तुम्ही म्हणता तसं खोली तापायला पाऊण तास लागतो, मग थर्मोस्टॅट हीटर बंद-चालू करत राहतो. एका संध्याकाळचे 8 युनिट धरू. 12 रुपयांनी शंभराच्या आतच. माझा 288 चा आकडा खोडला.

पण हे 8 युनिट तुमच्याकडच्या विजेवर. माझा बंगला गावाबाहेर शेतात आहे, तिथे संध्याकाळी पंप आणि टीव्ही एकदम सुरू झाले की व्होल्टेज 190 वर येतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे 6 किलोवॅटचा हीटर 4 च्या आसपास उरतो. पाऊण तासाचं काम सव्वा तासावर जातं आणि पाहुणे दारात टॉवेल गुंडाळून उभे. सिंगल फेजवर हा हीटर 26 अँपिअर ओढतो, तेव्हा घरासाठी थ्री फेज मीटर आणि वाढीव मंजूर भार घ्यावा लागेल. "शेतात थ्री फेज असतेच की," असं तुमच्या प्रतिक्रियेखाली एकाने लिहिलंय. असते, पाळीने, कधी दिवसा कधी रात्री. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर सौना चालवला तर भरारी पथकाला आयतं गिऱ्हाईक मिळेल.

सौनात मी एकदाच बसलोय, नाशिककडच्या एका रिसॉर्टमध्ये, पंधरा मिनिटं. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तर त्याच खोलीत जादाच्या गाद्या आणि गणपतीचं मखर रचून ठेवलेलं होतं. माझा मूळ लेख तिथून सुरू झाला होता.

आता थंडीबद्दल. डिसेंबर-जानेवारीत जळगावचा पारा रात्री 8-10 अंशांवर येतो हे मला माहीत नाही असं नाही. शेकोटीला बसूनच लहानाचा मोठा झालो. पण तुम्हीच लिहिलंय की सौनाची अर्धी मजा बाहेर येण्यात आहे: 80-90 अंशांच्या कोरड्या हवेतून निघायचं आणि थेट तळ्यात, नाहीतर बर्फात. ही दुसरी अर्धी मजा माझ्याकडे वर्षातले तीनच महिने आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडा, पाण्यात चहा होईल. उन्हायामा आठे आख्खं घरच भट्टी से, भाऊ. मार्च ते जून ती खोली बंदच राहणार, आणि बंद लाकडी खोलीत पावसाळ्यात वाळवी काय करते ते सांगायला नको.

तुमचा खरा मुद्दा गिऱ्हाईक वाढण्याचा. तो मी टाळला होता, म्हणून त्यावर जरा बसतो.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे 56 लाख आणि सौना सुमारे 30 लाख. तिथे अपार्टमेंटच्या तळघरात सुद्धा सामाईक सौना असतो, घराघराला आठवड्याची पाळी ठरलेली. म्हणजे तिथे सौना असला म्हणून भाडं वाढत नाही; नसला तर मात्र गिऱ्हाईक नाक मुरडतं. आपल्याकडे त्या जागी काय आहे? कूलर. भुसावळला रेल्वेचा किंवा वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीचा माणूस खोली बघायला येतो तेव्हा पहिल्यांदा खिडकीत कूलरचं स्टँड आहे का बघतो, मग बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का विचारतो. 11 महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूसमोर सौनाचं नावही काढू नका. तो म्हणेल, ती खोली सामानाला द्या.

उरले एक-दोन रात्रींचे पाहुणे. माझ्या बंगल्याचं भाडं रात्रीला 4,500. सौनाची चौघांची खोली, हीटर, वायरिंग, कर धरून मला कोटेशन मिळालं साडेतीन लाखांचं. थंडीच्या तेरा आठवड्यांतल्या शनिवार-रविवारच्या 26 रात्री माझ्याकडे तशाही भरलेल्या असतात, कारण तो भरीत पार्ट्यांचा हंगाम. त्या रात्रींना सौनाचे 800 रुपये जास्त मिळाले असं धरू, एकानेही नाही म्हटलं नाही असंही धरू. झाले 20,800. वीज 2,600 आणि सफाईचे 3,900 वजा जाता 14,300 उरतात. तेच साडेतीन लाख बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 24,500. म्हणजे साधं व्याजही सुटत नाही.

तुम्ही म्हणाल, सौनामुळे नवे पाहुणे येतील ते धर. धरतो. एका जास्तीच्या रात्रीमागे सगळा खर्च जाऊन माझ्या हातात 3,000 पडतात. पाच वर्षांत भांडवल काढायचं तर वर्षाला 70,000 हवेत. वरचे 14,300 त्यातून वजा केले तरी 18-19 रात्री नव्याने भरायला हव्यात, आणि त्या सोमवार ते शुक्रवारच्या, कारण बाकीच्या भरलेल्याच आहेत. मधल्या वारी माझ्याकडे येतो कोण? अजिंठ्याचे प्रवासी. इथून साठेक किलोमीटरचा रस्ता, सोमवारी लेणी बंद, उशिरा येतात, धुळीने माखलेले असतात, जेवतात, झोपतात आणि पहाटे गाडी काढतात. त्यांना बादलीभर गरम पाणी पुरतं.

हे आकडे माझ्या बंगल्याचे आहेत, सौना बसवायचं म्हणणाऱ्या तुमच्या चुलतभावाचे वेगळे निघतील. मात्र त्याला एक विचारा: पाहुणे सौनात बसलेले असताना आवारात कोण असणार? आपल्याकडचे पाहुणे पार्टीला येतात, आणि दारू पिऊन सौनात जाणं हा जिवाशी खेळ आहे. कुणीतरी ओला टॉवेल वाळायला हीटरवर टाकणार, आणि हीटरवर टाकलेल्या कपड्यांनी आगी लागतात हे टाम्पेरेत शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे राखणदाराला रात्री दहापर्यंत तिथे बसवणं आलं. ते पैसे मी वर धरलेलेही नाहीत.

कुणी इन्फ्रारेडची केबिन सुचवली आहे: दीड-दोन किलोवॅट, साध्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर चालणारी, 50-60 अंशांपर्यंत जाणारी. स्वस्त पडेल. पण तिच्यात दगड नाहीत, दगडांवर पाणी ओतणं नाही, वाफेचा तो भपकारा नाही. तिला सौना म्हणायचं का, हे भाऊंनीच ठरवावं. मला त्या भांडणात पडायचं नाही.

माझ्या पैशाचं मी काय केलं ते लेखात नव्हतं. विहिरीच्या पंपाखालचा जुना हौद वाढवला, आतून फरशी लावली, वर हिरवी जाळी ताणली. साधारण 90,000 गेले. एप्रिल-मे हा माझा मेला हंगाम होता. आता शाळांना सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईची माहेरवाशीण मंडळी पोरं घेऊन येतात आणि पोरं अंधार पडेपर्यंत हौदातून निघत नाहीत. पाणी फुकट जात नाही, पुढे केळीला जातं. थंडीत भरिताला बामणोदची वांगी, कापसाच्या काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी. आणि ज्याला गरम पाण्याचीच हौस आहे त्याला मी उनपदेवचा रस्ता दाखवतो, तिथलं पाणी जमिनीतूनच तापून येतं.

एका जागेबद्दल मात्र तुमच्यापुढे नमतो: सातपुड्यातलं तोरणमाळ. हजार मीटरच्या वर, थंडी खरी, बाहेर यशवंत तलाव. सुरतेकडची गिऱ्हाइकं डोंगर चढून येतात ती थंडीसाठीच. तिथे सौना चालेल असं मलाही वाटतं. फक्त तिथली जमीन आदिवासींची आहे, ती बाहेरच्याला सहजी घेता येत नाही आणि येऊही नये. तिथलाच कुणी घरमालक पाहुण्यांसाठी करणार असेल तर त्याची आणि तुमची गाठ घालून देतो.

जुना हीटर जहाजाने पाठवण्याबद्दल लिहिलंत. साडेतीन लाखांत हीटरचा वाटा थोडाच आहे, पैसा जातो तो लाकडात आणि वायरिंगमध्ये. तेव्हा हीटर राहू द्या. जानेवारीत अमळनेरला येणार असाल तर मधल्या वारी या, त्या रात्री माझ्याकडे रिकाम्याच असतात.