केनियाला सेवेला निघालात? मग एवढं कराच

आधी अभिनंदन. तीन आठवडे केनियात समाजसेवा, तिकिटाचे पैसे बाबांचे, तिथे राहायचे-जेवायचेही बाबांचेच, सेवा तेवढी तुमची. पहिलं काम म्हणजे स्टेटस टाका. 'व्हिसा आला' असं लिहा. खरं तर २०२४ पासून तिथे व्हिसा नाहीच, जायच्या आधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढतात, पण ईटीएला लाइक कोण देणार!

फॉर्ममध्ये अनुभवाचा रकाना असतो, तिथे 'भिंती रंगवणे' लिहून टाका. चवथीच्या आधी घराला रंग द्यायचा म्हटलं की तुम्ही म्हापशाला मित्राकडे पळता आणि गणपतीवरची माटोळी बांधायला हाक मारली की नेमकी कंबर धरते, हे नैरोबीत कोणाला कळणारे?

मग पिवळ्या तापाची लस. ती गावच्या हेल्थ सेंटरात नाही, त्यासाठी वास्कोला पोर्ट हेल्थवाल्यांकडे जायचं. विमानतळ आपल्या पेडण्यात मोपाला, गच्चीवरून विमानं दिसतात, पण एक सुई टोचून घ्यायला म्हापसा, पणजी, वास्को अशा बसी बदलत बसायचं. लस निदान १० दिवस आधी घ्यावी लागते, म्हणून तुम्ही नवव्या दिवशी आठवण काढा. आणि ते पिवळं कार्ड जपा बरं का, जायच्यापेक्षा परत यायला त्याची जास्त गरज. हा ताप आपल्याकडे नाही पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे, त्यामुळे कार्ड नसलं तर इथे उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. सेवा करून आलेल्या माणसाला! हार नाही, तुरा नाही, नुसती एक खोली.

बॅग हे आईचं खातं, त्यात लुडबुड नको. (माझ्या चुलतभावाची बॅग भरताना मी समोर बसून होतो, म्हणून सांगतो.) सोलं एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर रबर. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, तीन पिशव्यांत, कारण वास. खाजं, काजू, मिसकुटीच्या लोणच्याची बाटली आणि तिच्यावर कापडदुकानाची जाड पिशवी, गाठ अशी की सोडायला दात लागावेत. सगळं बांधून झालं की मगच सांगा, केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, कायद्यात कैद ४ वर्षांपर्यंत लिहिलीय. काकी दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग थंयच्यो बायलो सुंगटां कशात बांधतत रे?"

याचं उत्तर भावाकडे नव्हतं. प्रेझेंटेशन मात्र तयार होतं, 'प्लास्टिकमुक्त गाव कसे कराल', फोटो आपल्याच व्हाळाचे.

झाडं लावायलाही शिकवा. वांगारी मथाईबाईंनी तिथे १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ काढली, बायकांकडून लाखो झाडं लावून घेतली, २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, पण तुमच्यासारखं कोणी खड्डा कसा खणायचा ते दाखवलं नसेल ना! मोबाइलवरून पैसे पाठवायलाही शिकवा. तिथे एम-पेसा २००७ पासून आहे आणि आपलं यूपीआय आलं २०१६ ला, म्हणून काय झालं, शिकवायची हौस महत्त्वाची. आणि मुलांना तर शिकवाच. आपल्या वाड्यावरची मराठी शाळा पोरं कमी म्हणून बंद पडायला आली तेव्हा मीटिंगला बोलावलं होतं, पण त्या दिवशी तुमची मॅच होती, त्याला तुम्ही तरी काय करणार.

शेवटी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू सातासमुद्रापार लोकांची सेवा करूक जाता, तेका सांभाळ, तेच्या मोबायलाक रेंज मिळांदे, तेची बॅग कस्टमवाल्यांच्या नजरेक पडां नये..." सगळे मिळून "व्हय म्हाराजा!"

निघायच्या सकाळी काकीने कापडी पिशव्या शिवून ठेवल्या होत्या, जुन्या लुगड्याच्या. मध्येच तिने विचारलं, "थंय झाडलोट करूची पडली तर केरसुणी मेळता मां, का हयसून देव?"

काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "आदी तेका दाखय, केरसुणी खंयच्या बाजून धरतत ती."