झेंडू म्हणजे कुंपण नव्हे, आणि तंबाखूचं पाणी तर नकोच

"टोमॅटोभोवती झेंडू लावा, कीड फिरकणार नाही. शेजारी तुळस लावा, टोमॅटो गोड होतील. तंबाखूचं पाणी फवारा, नैसर्गिक आहे, अपाय शून्य." हा मेसेज मला चार ग्रुपांवरून आला, मी सोडून दिला. परवा कोल्हापूरजवळ कळंब्याला आत्तीकडं गेलो, तर चहाच्या पातेल्यात तंबाखू उकळत होती! आता गप्प बसवत नाही.

आधी तंबाखूच. निपाणी आपल्याला जवळ, तंबाखू घरोघरी, म्हणून ती साधी वाटते. पण तिच्यातलं निकोटिन हे जहाल विष आहे, झाडातून आलं म्हणून सौम्य होत नाही. कीटकनाशक म्हणून निकोटिन सल्फेट वापरायला देशात बंदी आहे. मग घरी उकळलेला, किती कडक झालाय ते कुणालाच माहीत नसलेला काढा चालतो कसा? निकोटिन कातडीतूनही अंगात भिनतं; तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना त्यानंच मळमळ, उलट्या, चक्कर होते. आत्तीचा चार वर्षांचा नातू येता-जाता टोमॅटो तोडून तोंडात टाकतो. शिवाय वाळल्या तंबाखूतून पानं चितकबरी करणारा मोझॅकचा विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो, ते वेगळंच.

झेंडूचं तर उलटंच लिहिलंय. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस अशी: टोमॅटोच्या 16 ओळींमागं झेंडूची 1 ओळ, लावताना झेंडूचं रोप 45 दिवसांचं, टोमॅटोचं 25 दिवसांचं. का? दोन्ही एकाच वेळी फुलावर यावीत आणि फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगानं अंडी झेंडूवर घालावीत म्हणून. म्हणजे झेंडू कीड बोलावतो. तो सापळा आहे. त्यावरच्या अळ्या वेचून मारल्या नाहीत, तर आपणच त्या पोसतोय. आत्तीनं झेंडू लावला आणि रोपांकडं बघायचंच सोडलं. निम्म्या टोमॅटोंना भोकं.

झेंडूच्या मुळांमुळं सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे मातीतले बारीक जंत, कमी होतात, हे मात्र मान्य. पण त्यासाठी वाफाभर दाट झेंडू दोनेक महिने ठेवून मग त्या जागी टोमॅटो लावायचा असतो. कोपऱ्यातल्या चार रोपांनी ते होत नाही.

तुळशीनं टोमॅटो गोड होत नाही. गोडी वाणाची आणि उन्हाची. कोथिंबीर फुलू द्या, ढालकिडे येतील, रस शोषणारी मावा कीड खातील. एवढं खुशाल करा.

ते पातेलं मी आत्तीला भंगारात टाकायला लावलं. ज्यांनी मेसेज पुढं ढकललाय, त्यांनी त्याच ग्रुपवर निदान तंबाखूची ओळ चुकीची आहे, एवढं आजच लिहावं.