पास देणाऱ्याकडे बोट

आज ७ फेब्रुवारी. २०१५ साली याच तारखेला डीन स्मिथ गेले. आपल्या मराठी मित्रमंडळींत हे नाव फार कमी जणांनी ऐकलं असेल. मायकल जॉर्डनचे कॉलेजमधले बास्केटबॉल कोच असं सांगितलं की लोक "अच्छा!" म्हणतात आणि विषय संपतो. मला तो तेवढ्यावर संपवता येत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. लांबेल जरा.

मी नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये पॉइंट गार्ड होते. बॉल वर आणायचा, कोण मोकळं आहे ते बघायचं आणि तिच्या हातात नेऊन द्यायचा. सिमेंटचं कोर्ट होतं. उन्हाळ्यात संध्याकाळी सहालाही बुटाच्या तळव्यातून चटके बसायचे. मॅचच्या दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी यायच्या: अमकीने १८ गुण केले, तमकीने १२. त्यातले निम्मे तरी माझ्या पासवरचे असायचे. बाबा चष्मा लावून पान वरून खाली वाचायचे, मग काही न बोलता पेपर घडी करून ठेवायचे. आमचे तेव्हाचे सरही हाफटाइमला बास्केटच मोजायचे. मला त्याचं वाईट वाटायचं असंही नाही. हे असंच असतं, अशी मी मनाची समजूत घातलेली होती.

१९९६ साली मी शिकायला अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉलीला आले. पुढच्या जानेवारीत एका रात्री रूममेटने टीव्हीवर कॅरोलिनाची, म्हणजे चॅपेल हिल गावातल्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिनाची मॅच लावली. फिक्या निळ्या जर्सी. एड कोटा नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा पॉइंट गार्ड. त्याने दोघांच्या मधून बॉल सरकवला, अँटवान जेमिसनने तो हाताला लागतो न लागतो तोच रिंगमध्ये टाकला आणि उलटा धावताना कोटाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, सहज केलं असेल. पुढच्या बास्केटला दुसऱ्याने तेच केलं. बेंचवर बसलेली पोरंसुद्धा कोटाकडेच बोट दाखवत होती. "हे काय करतायत?" मी विचारलं. रूममेट इथलीच, तिला त्यात नवल नव्हतं. म्हणाली, "कोच स्मिथचा नियम आहे. बास्केट झाली की पास देणाऱ्याचे आभार मानायचे."

मी सोफ्यावरून उठले आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात जमिनीवर जाऊन बसले. त्या रात्री कोण जिंकलं ते आज आठवत नाही. ते बोट आठवतं.

या नियमाची पुढची गोष्ट मला नंतर कळली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज कार्लने बॉबी जोन्सला सुंदर पास दिला आणि जोन्सने समोरची सोपी बास्केट चुकवली. तरी त्याने कार्लकडे बोट दाखवलंच. स्मिथ सरांनी ते पाहिलं आणि ठरवून टाकलं की यापुढे बास्केट चुकली तरी पास चांगला असेल तर आभार मानायचे. (मी त्यांना सरच म्हणते. आमची कधी भेट झाली नाही, पण दुसरा शब्द तोंडात येत नाही.)

तसाच मुठीचा नियम. खेळताना दम लागला की खेळाडूने मूठ वर करायची, सर त्याला बाहेर घेणार. बरं वाटलं की तो स्वतःच सांगून परत आत जाणार, परवानगीची गरज नाही. पण दमलास, मूठ वर केली नाहीस आणि ते सरांना दिसलं, तर परत कधी जायचं ते सर ठरवणार. खेळलेल्या माणसाला विचारा याचं मोल. आमच्याकडे दमले म्हणायची सोय नव्हती. दमले म्हटलं की पुढची मॅच बाकावर. मी घोटा सुजलेला असताना खेळले आहे, सांगायची भीती वाटली म्हणून.

आकडे सांगायचे तर १९६१ ते १९९७ एकाच युनिव्हर्सिटीत, ८७९ विजय, ११ वेळा फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार टीम), १९८२ आणि १९९३ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं, १९७६चं ऑलिम्पिक सुवर्ण. शिवाय ते कॅन्ससला ज्यांच्या हाताखाली खेळले, त्या फॉग अॅलन यांचे कोच होते बास्केटबॉलचा शोध लावणारे जेम्स नेस्मिथ. पण सुरुवात अशी नव्हती. जानेवारी १९६५मध्ये वेक फॉरेस्टकडून हरून टीमची बस चॅपेल हिलला परतली, तेव्हा विद्यार्थ्यांनी सरांचा पुतळा फासावर लटकवलेला होता. टीममधला बिली कनिंगहॅम बसमधून उतरला आणि त्याने तो ओढून काढला. नवीन कोचवर जीव टाकणारी मुलं तेव्हाही त्याच बसमध्ये होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढच्याच वर्षी त्यांनी चार्ली स्कॉटला आणलं. कॅरोलिनाच्या बास्केटबॉलमधला स्कॉलरशिप मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. हे अमेरिकेच्या दक्षिणेत, १९६६ साली. त्याही आधीची एक गोष्ट आहे. सर असिस्टंट कोच असताना आपल्या चर्चच्या पास्टरांच्या सांगण्यावरून एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला बरोबर घेऊन गावातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या हॉटेलात जेवायला गेले. ही गोष्ट पत्रकार जॉन फाइनस्टाइनला सांगितली ती पास्टरांनी. सरांना कळलं तेव्हा ते नाराज झाले. त्यांचं म्हणणं एवढंच, की बरोबर आहे ते करावं, त्याचा अभिमान कसला? इथेही त्यांना स्वतःकडे बोट नको होतं.

सगळं मला आवडतं असं नाही. शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायचं बंधन, येण्याआधी आघाडी मिळाली की चार कोपऱ्यांत चौघं उभे करून बॉल फिरवत वेळ काढायचा, हा त्यांचा डाव मला आजही रटाळ वाटतो. १९७९ला ड्यूक युनिव्हर्सिटीविरुद्ध त्यांनी इतका वेळ काढला की हाफटाइमला स्कोअर होता ७-०, आणि शून्य कॅरोलिनाचं. पण जॉर्डनला त्यांनी दाबून ठेवलं म्हणून लोक विनोद करतात, तेव्हा माझा पारा चढतो. १९८२च्या फायनलमध्ये जॉर्जटाउन एका गुणाने पुढे, अर्धं मिनिट उरलेलं, टाइमआउट. त्या टाइमआउटमध्ये पहिल्या वर्षाच्या त्या पोराला, जॉर्डनला, शॉट तुझ्याकडे येईल, टाक, असं सांगून कोर्टवर पाठवणारा माणूस कोण होता? ६३-६२ने जिंकले. आई-वडिलांनंतर आपल्यावर सगळ्यात मोठा प्रभाव सरांचाच, असं जॉर्डन स्वतः म्हणाला आहे.

शेवटची काही वर्षं मात्र फार वाईट गेली. जुन्या खेळाडूंची, त्यांच्या बायकामुलांची नावं ज्यांना तोंडपाठ असायची, त्यांचीच स्मरणशक्ती गेली. २०१३ला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, तो घ्यायला पत्नी लिनिया गेल्या. सर वारल्यावर दीड महिन्याने त्यांच्या सुमारे १८० खेळाडूंच्या घरी एकेक पाकीट पोचलं. आत २०० डॉलरचा चेक. मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं: कोच स्मिथकडून बाहेर जेवायला जा. जॉर्डनला २०० आणि जो वर्षभर बाकावर बसला त्यालाही २००. ती बातमी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत वाचली आणि बराच वेळ वर गेले नाही. मग नागपूरला फोन लावला, आमच्या त्या १८ गुणवालीला. तिथे रात्र झाली होती. तिला वाटलं, काहीतरी वाईट घडलंय. मी म्हटलं, नाही गं, डीन स्मिथ नावाचे एक सर होते, त्यांच्याबद्दल सांगायचंय. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझे पास नसते तर मी कुठे होते?" तेवीस वर्षांनी.

परवा शनिवारी रॉलीशेजारच्या कॅरी गावात लेकीची मॅच होती, गावातली लहान मुलांची लीग. तिच्या टीममधल्या एका बुटक्याशा मुलाने, चष्म्याला मागून रबर बांधलेला, तिला मस्त बाउन्स पास दिला. तिने बास्केट चुकवली. धावता धावता वळली आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. त्याने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून.