चिकन नळाखाली धुतलं की जंतू जात नाहीत, ओटाभर पसरतात

काल मावशीने एक फॉरवर्ड पाठवला, ‘एकाच ट्रेत चिकन-भाजी: पाच सोनेरी नियम’. खाली तिचा प्रश्न, “रविवारी असंच करू ना गं?” तिच्या घरी चार वर्षांचा नातू आहे. हाच मजकूर आठवड्याभरात आमच्या तीन ग्रुपांवर फिरला आणि कुणालाच त्यात काही खटकलं नाही, म्हणून लिहितेय.

पहिला नियम म्हणतो, चिकन जोरदार नळाखाली पाच मिनिटं धरा, सगळे जंतू वाहून जातात. साफ चूक, आणि पाचांतला सर्वांत धोकादायक नियम हाच. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जिवाणू मांसाला चिकटून असतात, पाण्याने ते मरत नाहीत. जे सुटतात ते शिंतोड्यांबरोबर सिंकमध्ये, ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात. चिकन पुढे ओव्हनमध्ये जाणार आहे, कोथिंबीर कच्चीच खाल्ली जाणार आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याने 2019 मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाबरोबर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना चिकन आणि सॅलड करायला सांगितलं होतं. चिकनवर माग काढता येईल असे निरुपद्रवी जिवाणू आधीच लावलेले होते. चिकन धुणाऱ्यांपैकी 60 टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते सापडले. सिंक साफ केल्यावरही 14 टक्क्यांच्या सिंकमध्ये उरले होते. 26 टक्क्यांच्या सॅलडच्या पानांपर्यंत ते पोचले. न धुणाऱ्यांपैकीही 31 टक्क्यांच्या सॅलडमध्ये ते गेले, हे लपवत नाही. म्हणजे नुसतं धुणं टाळून भागत नाही. कच्च्या चिकनचा हात साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला लावायचा नाही आणि सॅलड आधीच करून बाजूला ठेवायचं. पण धुतल्याने चिकन सुरक्षित होतं, हे या अभ्यासातून कुठेच निघत नाही.

एक मान्य करते. अमेरिकेतलं पॅकबंद चिकन वेगळं. आपल्याकडे दुकानदार समोर कापून देतो, त्यात पिसं, रक्ताच्या गुठळ्या, हाडांचा चुरा असतो आणि ते तसंच शिजवायला मन घेत नाही. मग पातेल्यात पाणी घ्या, तुकडे त्यात हलकेच बुडवा, पिसं हाताने काढा, पाणी हळूच ओता, नंतर सिंक आणि ओटा साबणाने घासा. नळाची धार मात्र नको. मीठ-हळद चोळल्याने वास कमी होईल, पण जंतू मरतील या भरवशावर राहू नका.

चौथा नियमही तितकाच वाईट: वरून तपकिरी झालं की शिजलं. लाल तिखट आणि दही लावलेलं चिकन आत कच्चं असतानाच वरून खरपूस दिसतं. उलट, कोवळ्या कोंबडीचं मांस पूर्ण शिजूनही हाडाजवळ गुलाबी राहू शकतं. रंगावर विसंबून चालतच नाही. सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसा. तापमान 74 अंश सेल्सिअस हवं. तो घरात नसेल तर छोटे तुकडे घ्या, खोल चिरा द्या आणि जास्त वेळ ठेवा. तंगडीचं मांस थोडं जास्त शिजलं तरी कोरडं पडत नाही, म्हणून ट्रेसाठी तेच घ्या.

पाचवा नियम, उरलेलं मॅरिनेशन शेवटी वरून ओता. म्हणजे शिजलेल्या चिकनवर पुन्हा कच्च्या चिकनचं पाणी! वापरायचंच असेल तर वेगळ्या भांड्यात खळखळून उकळा.

आणखी एक नियम म्हणतो, ‘कडक ओव्हनमध्ये रस आत बंद होतो’. हा समज 19व्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञापासून चालत आलाय आणि प्रयोगांनी कधीच खोटा ठरलाय. तरी ओव्हन आधी तापवाच, खरपूसपणा त्यानेच येतो.

राहिला ‘सगळं एकदम टाका’ हा नियम. तसं नको. बटाटा आणि गाजर चिकनबरोबर, सिमला मिरची आणि टोमॅटो शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत. ओटीजीचा, म्हणजे घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनचा, ट्रे लहान असतो. त्यात खच्चून भरलं तर भाज्यांचं पाणी सुटून सगळं वाफवलं जातं, भाजत नाही. मावशीला दोन खेपांत करायला सांगितलंय, आणि कोशिंबीर चिकनची पिशवी उघडायच्या आधी.